चर्चा: पीएचडी करतानाच स्वतःच्या लॅबची तयारी करावी का?

सेंट्रीफ्यूज:
पीएचडीच्या चौथ्या वर्षाला असलेल्या एका मुलीला मी म्हटलं, "आठवड्यातून एक दुपार प्रयोग बाजूला ठेव आणि गाईडच्या प्रोजेक्टचं बजेट वाच." तिच्या गाईडना ते अजिबात रुचलं नाही. म्हणून हा धागा.

जीवशास्त्रात पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, वर पोस्टडॉकची (पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये संशोधन) चार-पाच. एवढ्या काळात पिपेट धरायला शिकवतात, लॅब चालवायला कुणी शिकवत नाही. मी पीआय (लॅबचा प्रमुख) झालो तेव्हा पहिल्या बजेटात उणे ८० अंशांच्या फ्रीझरचा एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) धरलाच नव्हता. वॉरंटी संपली आणि मे महिन्यात कॉम्प्रेसर गेला. (तो मे महिन्यातच जातो.) नमुने शेजारच्या लॅबमध्ये पळवले, तरी दोन रॅक गेलेच.

शिवाय सरकारची इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप बघा. पाच वर्षं, संशोधनाला वर्षाकाठी सात लाख, वयाची मर्यादा साधारण ३२. तोवर संशोधनाचा स्वतःचा प्रश्न हातात हवा. तो पोस्टडॉक संपताना शोधायला घेतला तर उशीर झालेला असतो.

ओली_माती:
नाही पटलं. पीएचडीच्या ज्युनिअर फेलोला २०२३ पासून महिना ३७ हजार फेलोशिप, तेही कित्येकदा चार-सहा महिने अडकलेले. त्या पोरीने पेपर पुरा करायचा की बजेटचे हेड पाठ करायचे? निवड समितीपुढे "मी एएमसी विसरणार नाही" म्हणून नोकरी मिळते का? पेपर नसेल तर अर्ज कुणी उघडूनही बघत नाही.

आणि "वाच" म्हणता म्हणता लिहायलाच बसवतात हो. मी गाईडची तीन प्रपोजल्स लिहिली, वर युटिलायझेशन सर्टिफिकेटसाठी (निधी कुठे खर्चला त्याचा दाखला) मार्चभर बिलं जुळवली. नाव एकावरही नाही. तयारीच्या नावाखाली फुकटची कारकुनी.

सेंट्रीफ्यूज:
कारकुनीचं मान्य. पण ती बिलं जुळवली म्हणूनच आज तुम्हाला मार्चमध्ये घाम फुटत नसेल.

ओली_माती:
फुटतो की! शिकलेलं सगळं त्या संस्थेच्या फॉर्मपुरतं होतं.

देवळाली_कॅम्प:
तुम्ही दोघंही 'स्वतंत्र' म्हणजे लॅबचा मालक असंच धरून चाललात. आमच्या देवळालीचे द. रा. कापरेकर शाळामास्तर होते. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा, पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ला पोचता. हे त्यांनी १९४९ मध्ये शोधलं. कुठली ग्रँट होती?

ओली_माती:
कापरेकरांना वही-पेन्सिल पुरत होती. माझी अँटिबॉडी बर्फात येते आणि कस्टम्समध्ये वितळते. आणि बाहेरच्या जगाला ते नीट कळले १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलं तेव्हा. तोवर मास्तर कधीचे निवृत्त झाले होते. हा करिअरचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवू नका, प्लीज.

दुसरी_पाळी:
बजेट कधीही शिकता येतं. खरी मेख वेगळीच आहे आणि ती कुणी काढत नाहीये. पोस्टडॉकला रुजू होण्याआधी बॉसला विचारलंत का, की जाताना यातलं काय घेऊन जाता येईल? मला विचारायची लाज वाटली. चार वर्षांनी निघताना कळलं की प्रश्न त्यांचा आणि उंदरांचे स्ट्रेनही (खास वाण) त्यांचेच. मुलाखतीत पहिलाच सवाल आला, "यात तुमचं काय?" मी तंत्राबद्दल बोलत राहिले.

सेंट्रीफ्यूज:
हेच मला म्हणायचं होतं, फ्रीझरने घोळ केला.

ओली_माती:
एवढं मान्य. हा सवाल पीएचडीतच विचारायला शिकावं, त्याला वेळ लागत नाही, फक्त धीर लागतो. बजेटवर मात्र मी हटणार नाही. बाय द वे, त्या मुलीने शेवटी काय केलं?

सेंट्रीफ्यूज:
पेपरचे रिव्ह्यू आलेत. आणखी सहा महिन्यांचे प्रयोग मागितलेत. दुपार रद्द.