चॅप्लिनचं बालपण : भोगलेलं की खपवलेलं?

अलका_ठाणे
तर्कटरावांची पोस्ट वाचून गप्प बसणार होते, पण राहवलं नाही. त्यांचं म्हणणं असं की चॅप्लिनचं १९६४चं आत्मचरित्र म्हणजे गरिबीची जाहिरात, आणि रिअ‍ॅलिटी शोमध्ये गाण्याआधी आईचा फाटका पदर दाखवतात त्या धंद्याचा मूळपुरुष हाच.

अहो, रडवायचंच असतं तर वर्कहाऊसमधला, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहातला, तो एक दिवस त्याने असा लिहिला असता का? आई आणि दोघं भाऊ रीतसर बाहेर पडतात. थोरल्या सिडनीकडे रुमालात बांधलेले नऊ पेन्स. काळ्या चेरी घेतात, केनिंग्टन पार्कात बसून खातात, वर्तमानपत्राचा बोळा सुतळीने बांधून चेंडू खेळतात. मग चहा-बनवर उरलेले पैसे उडवतात आणि आई म्हणते, चला, तिकडच्या चहाच्या वेळेपर्यंत पोचू. पुन्हा दाखल! कपडे परत वाफेत घालायला लागणार म्हणून तिथले लोक वैतागतात. यात कुठे हो ते व्हायोलिन वाजतंय?

तर्कटराव
ताई, पुस्तक मीही वाचलंय, शेवटपर्यंत. तुम्ही चेरींपाशीच थांबलात वाटतं. ऑल्डरशॉटचा प्रसंग घ्या. स्टेजवर गाणाऱ्या आईचा आवाज बसतो, तिच्याजागी पाच वर्षांचं पोर गातं, नाणी पडतात, ते गाणं थांबवून नाणी वेचतं. मॅनेजर वेचायला आला तर ‘हा ढापतो की काय’ म्हणून त्याच्या मागे धावतं. पुढे आईच्याच फाटक्या आवाजाची नक्कल! पंचाहत्तरीत सांगितलेली आठवण इतकी घोटीव? पठ्ठ्या पटकथा लिहीत होता. त्याच्या जन्माची नोंदसुद्धा आजवर सापडलेली नाही. आणि पेनी-पेनीचा हिशेब आठवणाऱ्या माणसाला दुसऱ्या बायकोचं नाव मात्र लिहवत नाही.

बोरीबंदर
जन्माची नाही, पण वर्कहाऊसच्या दफ्तरात पोरांची नावं आहेत. चरित्रकारांनी ती शोधून काढलीत. बायकोबद्दल मात्र मान्य. पुढचा अर्धा भाग म्हणजे बड्या लोकांच्या जेवणावळी, तिथे मला डुलकी लागते.

कोकणचा_पाहुणा
सगळं खरं, पण लंडनच्या गरिबीवर एवढा जीव कशाला? आपल्या हंसा वाडकरांनी घर चालवायला लहानपणीच तोंडाला रंग लावला. त्यांचं आत्मचरित्र ‘सांगत्ये ऐका’ १९७०चं. इथे कितीजणांनी वाचलंय? हात वर करा.

अलका_ठाणे
वाचलंय. आणि विषय तो नाही.

मीनाक्षी_एम
मला वेगळंच खटकतं. १९१६ला या गृहस्थांनी म्युच्युअल या फिल्म कंपनीशी करार केला, वर्षाला ६,७०,००० डॉलर. आईला अमेरिकेत आणलं १९२१ला! मधली पाच वर्षं माऊली इंग्लंडात, मनोरुग्णांच्या इस्पितळात. पुस्तकात आई-आई करायला काय जातं?

बोरीबंदर
मधे महायुद्ध होतं, बाई. आणि ते इस्पितळ खासगी होतं, पैसे दोघं भाऊ भरत होते.

मीनाक्षी_एम
पैसे भरले की झालं? माझे मामाही परदेशातून दरमहा पैसे पाठवायचे. आजीला न्हाऊ-माखू कोण घालत होतं? माझी आई. आजी गेल्यावर पेपरात अर्धं पान श्रद्धांजली मामांची. असे मुलगे मी चांगले ओळखते.

शांत_सदाशिव
मीनाक्षीताई, बोलणं सोपं असतं. माझ्या आईला भ्रम व्हायचे. रात्री गॅस चालू करून बसायची. घरात दोन लहान मुलं. शेवटी केंद्रात ठेवली. नातेवाइकांनी काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तो प्रसंग आठवा : आई शेजारच्या पोरांना वाढदिवसाची भेट म्हणून कोळशाचे तुकडे वाटत दारोदार फिरते, आणि चार्ली तिला हाताला धरून दवाखान्यात नेतो. डॉक्टर म्हणतात, उपासमार. पुढे तो भेटायला गेल्यावर ती म्हणते की त्या दुपारी कपभर चहा मिळाला असता तर मी ठीक असते. हे वाक्य पोराने जन्मभर वागवलं. मलाही माझ्या आईचं एक आहे.

मीनाक्षी_एम
तुमच्याबद्दल बोलले नव्हते मी.

शांत_सदाशिव
‘असे मुलगे’ म्हणालात. मी मुलगाच आहे.

कोकणचा_पाहुणा
म्हणून म्हणत होतो, हंसाबाईंवर बोला.

तर्कटराव
कोळशाचा प्रसंग जमलाय, तेवढं देतो. हवं तर फ्रेम करून लावा, अलकाताई. पण माझा मुद्दा शोंचा होता. भाची ऑडिशनला गेली तर गाण्याआधी विचारलं, घरी काही अडचण? वडील बँकेत म्हटल्यावर त्या माणसाचा चेहराच पडला. ही सवय कुणी लावली?

अलका_ठाणे
चॅनेलवाल्यांनी! १९७७ साली वारलेल्या माणसाच्या नावावर भाचीचं ऑडिशन कसलं खपवताय?

तर्कटराव
ती सुरेलच गाते. लिंक टाकू?