एआय कोड लिहून देतो, मग आर्किटेक्चरवर वेळ का घालवायचा?

आडवाट

एआयकडून कोड लिहून घेणं आता सवयीचं झालंय, आणि त्यातून टीममध्ये एक नवा वाद सुरू झालाय. प्रॉडक्ट मॅनेजर सकाळी कल्पना मांडतो आणि संध्याकाळी चालता प्रोटोटाइप दाखवतो. मग विचारतो, हे तयारच आहे, तर ग्राहकांपर्यंत जायला आणखी तीन आठवडे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण त्यावरून 'आता आर्किटेक्चरचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एकूण रचनेचा, विचार करत बसायची गरज उरली नाही' असा निष्कर्ष काढला जातो, तो मला साफ चुकीचा वाटतो.

संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्येच सॉफ्टवेअरमधल्या अडचणींचे दोन भाग पाडले होते. एक साधनांमुळे येणारा: भाषा किचकट, मशीन संथ. दुसरा मूळ प्रश्नातच असलेला: नियम काय, अपवाद कोणते, दोन नियम एकमेकांना छेद देतात तेव्हा कुठला पाळायचा. पहिला भाग एआयने झपाट्याने कमी केलाय, हे मान्य. दुसऱ्यालाही तो हात घालतो, पण गुपचूप. ग्राहकाने अर्धीच ऑर्डर परत केली तर कुपनची सवलत कशी वजा करायची, हे तुम्ही सांगितलं नाहीत तर बहुतेक वेळा तो विचारत बसत नाही, काहीतरी ठरवून मोकळा होतो. कोड चालतो. निर्णय कोणी घेतला, याचा पत्ता नसतो.

अशा अनामिक गृहीतकांची किंमत किती असू शकते, ते एरियान ५ रॉकेटने दाखवलंय. ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात, जेमतेम ४० सेकंदांत ते नष्ट झालं. दिशा-मापनाचा कोड एरियान ४ मधून उचललेला होता. त्यात ६४ बिटची एक संख्या १६ बिटमध्ये बसवली जायची. जुन्या रॉकेटच्या उड्डाणमार्गावर ती मावत होती, म्हणून तिथे संरक्षण ठेवलं नव्हतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त निघाला आणि ती मावली नाही. आज एआय असेच जुने नमुने उचलून आपल्याला देतो. ते कुठल्या परिस्थितीत बरोबर होते, हे त्यांच्यासोबत येत नाही.

माझा आग्रह इतकाच आहे: प्रत्येक महत्त्वाच्या बदलासोबत अर्ध्या पानाची निर्णयनोंद हवी. काय ठरवलं, कोणते पर्याय सोडले, काय गृहीत धरलं. नोंद नाही, तर मर्ज नाही, म्हणजे तो बदल मुख्य कोडमध्ये घ्यायचाच नाही.

थेट_भेट

तीव्र असहमत. मी प्रॉडक्टच्या बाजूने बोलतोय.

आर्किटेक्चरवर एवढा वेळ का द्यायचो आपण? कारण नंतर बदल करणं महाग पडायचं. आता तोच खर्च उतरलाय, तर आधीच्या विचारावरचा खर्चही उतरायला हवा. एखादं मॉड्यूल, म्हणजे कोडचा एक सुटा भाग, चुकलं तर ते टाकून नव्याने लिहून घेता येतं, तेही दिवसभरात.

आणि आधी खूप विचार केला म्हणजे योग्य गोष्ट बनते, हे कुठे सिद्ध झालंय? आठवडेच्या आठवडे डिझाइन रिव्ह्यू झालेली फीचर्स कोणी वापरतच नाही, हे प्रत्येक प्रॉडक्ट मॅनेजरने पाहिलेलं आहे. त्या रिव्ह्यूमध्ये कॅशिंगसारख्या तांत्रिक तपशिलावर तासभर चर्चा होते आणि ग्राहकाला हे हवंय का, यावर पाच मिनिटंही नाहीत. सॉफ्टवेअर कसं बनवावं हे सांगणाऱ्या २००१ च्या अजाइल जाहीरनाम्याने जाडजूड दस्तऐवजांपेक्षा चालत्या सॉफ्टवेअरला जास्त मोल दिलं, ते याच अनुभवातून. तुमची निर्णयनोंद म्हणजे तेच दस्तऐवज मागच्या दाराने परत आणणं आहे.

रॉकेट एकदाच उडतं. आपण बहुतेक जण फॉर्म, रिपोर्ट आणि डॅशबोर्ड बनवतो. चुकलं तर रोलबॅक करता येतो, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर परत जाता येतं.

तळघर

थेट_भेट, रोलबॅक कोडचा होतो, डेटाचा नाही. तुमच्या सगळ्या मांडणीत ही एक गोष्ट सुटली आहे, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी आहे.

एक साधी रचना घ्या. ग्राहकाच्या टेबलमध्ये पत्ता आहे आणि ऑर्डरमध्ये त्या पत्त्याचा फक्त आयडी. प्रोटोटाइपसाठी एआय अशी रचना सहज देऊ शकतो, आणि स्क्रीनवर सगळं नीट दिसतं. पुढे ग्राहक घर बदलतो, प्रोफाइलमध्ये जाऊन पत्ता दुरुस्त करतो. त्या क्षणी त्याच्या सगळ्या जुन्या ऑर्डरींवर नवा पत्ता दिसायला लागतो. वस्तू खरं तर कुठे पोचवली होती, ही माहिती गेली. एरर आला नाही, टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाल्या नाहीत. कधीतरी कराचा हिशोब किंवा तक्रार निघाल्यावर कळणार. तेव्हा कोड दहा मिनिटांत दुरुस्त होईल, पण जी नोंद कधी ठेवलीच नाही ती जगातलं कुठलंही एआय मॉडेल परत आणू शकणार नाही. बॅकअपमधून काही सापडलं तर सापडलं.

ऑर्डर देतानाचा पत्ता ऑर्डरसोबतच गोठवून ठेवायचा, हा निर्णय पहिल्या दिवशी घ्यायला फार तर अर्धा तास लागतो. वर्षभराने तो घेऊन उपयोग नसतो.

एपीआयचंही, म्हणजे दुसऱ्या सिस्टीमने आपल्या सिस्टीमशी बोलण्याच्या ठरलेल्या मार्गाचंही, तसंच. बाहेरच्या कोणीतरी तुमच्या फील्डवर भरवसा ठेवून स्वतःची सिस्टीम बांधली की ते फील्ड एकट्या तुमचं राहत नाही.

थेट_भेट

तळघर, पत्त्याचं उदाहरण पटलं. पण यातून माझीच बाजू भक्कम होते. डेटाची रचना आणि बाहेरच्यांशी असलेले करार, एवढ्या दोन जागी कसून विचार करू. आतलं सगळं फेकून देण्याजोगं मानू. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये हेच सांगितलं होतं: जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे ते मॉड्यूलच्या आत लपवा, म्हणजे बाहेर धक्का लागत नाही. आत काय आहे याची अर्ध्या पानाची नोंद मग कशाला?

आडवाट

कारण 'आत' आणि 'बाहेर' ही रेघ कोणीतरी ओढावी लागते, आणि ती ओढणं म्हणजेच आर्किटेक्चर. पार्नास यांचा सल्ला पाळायचा तर काय बदलेल याचा अंदाज आधी बांधावा लागतो. तो अंदाज प्रॉडक्टवाल्यांकडे असतो आणि आमच्यापर्यंत फार क्वचित पोचतो.

आतलं फेकण्याजोगं म्हणता, पण ते प्रत्यक्षात फेकलं जातं का? नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीच्या सर्व्हरवर कित्येक वर्षं न वापरलेला कोड तसाच पडून होता. १ ऑगस्ट २०१२ ला नव्या फीचरसाठी जुनाच फ्लॅग (फीचर चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला, आणि आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नव्हता. तिथे तो जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान. लिहिणं जितकं स्वस्त होईल, तितका असा विसरलेला कोड वाढेल.

वेगाबद्दलही सांगते. २०२५ मध्ये मीटर या संशोधन संस्थेने अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांवर प्रयोग केला. त्यांच्याच ओळखीच्या कोडबेसमध्ये, एआय वापरून. एआयविना लागणाऱ्या वेळेपेक्षा त्यांना सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही आपण २० टक्के वेगाने केलं असं त्यांना वाटत होतं. सोळाच जण होते आणि साधनं रोज बदलतात, त्यामुळे तो आकडा सगळ्यांना लावू नका. पण आपल्याला जाणवणारा वेग हा पुरावा नाही, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

पहिली_नोकरी

मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी या क्षेत्रात नवीन आहे. जुना कोड समजून घ्यायला एआयइतकी मदत मला कोणीच केलेली नाही. सीनियर लोकांकडे वेळ नसतो, आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारायला संकोच वाटतो. इथे तो फक्त धोका म्हणून येतोय, ते मला पटत नाही.

आडवाट

तुमचं म्हणणं खरं आहे, तसा वापर जरूर करा. फक्त एक तपासून पाहा: कोड काय करतो हे तो छान सांगेल. मग विचारा, दुसरा सोपा मार्ग असताना हा का निवडला? नोंद नसेल तर तो पटेलसं कारण रचून देईल. संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की प्रोग्राम म्हणजे बनवणाऱ्यांच्या डोक्यातली समज, कोड हा तिचा फक्त एक भाग. ती समज तुमच्यापर्यंत यावी, म्हणून तर नोंदींचा एवढा हट्ट.

कसोटी

टेस्टिंगवाल्यांतर्फे. तुम्ही सगळे एआयने लिहिलेल्या कोडवर भांडताय. जेव्हा प्रॉडक्टच्या आतच मॉडेल बसवलेलं असतं, तेव्हा काय? तिथे तोच प्रश्न दोनदा विचारला तर दोन उत्तरं येऊ शकतात. 'अपेक्षित निकाल' या रकान्यात मी काय लिहू?

एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की कुटुंबातल्या मृत्यूनंतरच्या प्रवासाची सवलत नंतरही मागता येते. कंपनीचा नियम तसा नव्हता. चॅटबॉटच्या माहितीला आपण जबाबदार नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली.

म्हणून थेट_भेट यांना थेट विचारते. शंभर उत्तरांत किती चुकलेली चालतील, आणि कुठल्या विषयांवर एकही चालणार नाही? हे आकडे मला रिलीजच्या आधी प्रॉडक्ट मॅनेजरकडून लेखी हवेत. डेव्हलपर हे ठरवू शकत नाही, मीही नाही.

थेट_भेट

कसोटी, हे मान्य. हे माझंच काम आहे आणि ते लेखीच असायला हवं. पैसे, परतावा आणि कायदेशीर हक्क या विषयांवर मॉडेलने स्वतःच्या शब्दांत उत्तर देऊच नये, ठरलेला मजकूर दाखवावा, असं मी पहिल्याच पानावर लिहीन.

आडवाट, तुमच्या 'नोंद नाही, तर मर्ज नाही' ला मात्र माझा विरोध कायम आहे. डेटा, बाहेरचे करार आणि मॉडेलच्या मर्यादा, या तिन्हींना नोंद आधी. बाकीच्या बदलांना नोंद सक्तीची केली तर लोक तीही एआयकडूनच लिहून घेतील आणि कोणी वाचणार नाही.

आडवाट

तिन्हींची यादी मंजूर, पण एक चौथी गोष्ट घाला: काढून टाकलेल्या किंवा बंद केलेल्या फीचरचा कोड कधी आणि कोण पुसणार. आणि एआयने लिहिलेली नोंद मला चालेल, खाली निर्णय घेणाऱ्या माणसाचं नाव असेल तर.