कांद्याच्या गाडीवर कोलकात्यापर्यंत: जेवणाची सोय कशी लावावी?

निफाडचा नवखा (प्रश्न)

नमस्कार. मी निफाड तालुक्यातला असून आजवर पिकअप आणि छोटा टेम्पो चालवत आलो आहे. अवजड वाहनाचा परवाना हाती आल्यावर आता पिंपळगाव बसवंतहून कोलकात्याला कांदा नेणाऱ्या बारा टायरच्या गाडीवर काम मिळाले आहे. धुळे, जळगाव, अकोला, नागपूर, रायपूर, संबळपूर, खरगपूर असा मार्ग असून अंतर सुमारे १८०० ते १९०० किलोमीटर होते. गाडीवर क्लीनर नाही. सोबतचा दुसरा चालक माझा मित्र असून तोही या मार्गावर नवाच आहे.

गाडी चालवण्याची मला फारशी धास्ती वाटत नाही. काळजी आहे ती खाण्यापिण्याची. आजवर रात्री घरी परतून जेवणाऱ्या माणसाने इतके दिवस रस्त्यावर कसे काढावेत? गावातले काही जण म्हणतात की स्टोव्ह आणि शिधा बरोबर घ्यावा, तर काही जण म्हणतात की तो सगळा पसारा असून ढाब्यावर जेवणेच बरे. घरून काय न्यावे, पाण्याची व्यवस्था कशी करावी आणि जेवणाच्या वेळा कशा ठेवाव्यात, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

तापीकाठ

भाऊ, तुम्ही स्टोव्ह की ढाबा असा प्रश्न विचारला आहे, पण या मार्गावर उमेदीची वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की काय खावे हे ठरवण्याआधी गाडी कुठे आणि किती वेळ उभी राहणार आहे, हे ठरवावे लागते. भूक लागली म्हणून चालकाचे जेवण होत नाही. गाडी सुरक्षित जागी लागली की जेवण होते. कांद्याच्या गाडीला तर हे अधिकच लागू आहे. उन्हात ताडपत्री आवळून गाडी उभी ठेवली की गोण्यांत उष्णता कोंडते, आणि पावसात ताडपत्री कुठे ढिली राहिली तर वरचा थर भिजून सडायला लागतो. त्यामुळे दुपारी झाडाची सावली पाहून दोन तास स्वयंपाक करत बसण्याची चैन या मालाला परवडत नाही.

स्टोव्ह जरूर न्या, पण तो वापरण्याच्या जागा दोनच आहेत, असे समजा. पहिली जागा म्हणजे गाडी भरताना व्यापाऱ्याच्या खळ्यावर, जिथे प्रतवारी, गोण्या शिवणे आणि वजन यांत अख्खा दिवस निघून जातो. दुसरी म्हणजे कोलकात्याच्या अलीकडे. मोठ्या शहरांत दिवसा अवजड वाहनांना बहुतेक रस्त्यांवर प्रवेश नसतो, त्यामुळे बाहेर थांबून रात्र होण्याची वाट पाहावी लागते, आणि पोस्ता या तिथल्या घाऊक बाजारात पोहोचल्यावरही गाडी खाली होण्यासाठी नंबर लागेपर्यंत पुन्हा ताटकळणे आलेच. हा वेळ चालकाला नकोसा वाटतो आणि बहुतेक जण तो चहा नि तंबाखूवर काढतात. पण शांतपणे भात-आमटी रांधून खाण्याची संधी साऱ्या खेपेत एवढीच असते. गाडीच्या बाजूला, मागच्या चाकांच्या आडोशाला स्टोव्ह ठेवला की वारा लागत नाही. तीन लिटरचा लहान कुकर सर्वांत उपयोगी. खिचडीच्या शिट्ट्या झाल्यावर तो न उघडता गोणपाटात गुंडाळून ठेवला, तर दोन-तीन तासांनीही गरम जेवण मिळते.

धावत्या रस्त्यावर मात्र ढाबाच बरा, आणि त्याचे कारण चव हे नाही. ढाब्यावर आपण जे पैसे देतो ते निम्मे रोटीचे आणि निम्मे जागेचे असतात. जेवलेल्या चालकाला तिथे गाडी लावता येते, बाजेवर पाठ टेकता येते, हौदावर आंघोळ करता येते, आणि दिवे व माणसांची जाग असल्यामुळे डिझेल काढणारे किंवा ताडपत्री फाडून माल उतरवणारे सहसा फिरकत नाहीत. चार पैसे वाचवण्यासाठी निर्जन जागी गाडी लावून स्वतः रांधणारा चालक टाकीतल्या डिझेलच्या रूपाने त्याच्या कितीतरी पट घालवून बसल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. जिथे लांब पल्ल्याच्या गाड्या बऱ्याच संख्येने उभ्या असतील, तोच ढाबा निवडावा. तिथे डाळ सकाळची उरलेली नसते. रंगीत दिव्यांचा आणि मोटारींच्या गर्दीचा ढाबा आपल्या उपयोगाचा नसतो, कारण तिथला मालक अवजड गाडीला नीट जागाही देत नाही.

ताट मुलखागणिक बदलते, याची मनाची तयारी ठेवावी. धुळ्यापासून भुसावळपर्यंत शेवभाजी आणि भाकरी मिळेल, पण तर्रीची शेवभाजी भर दुपारी खाऊन लगेच स्टीअरिंगवर बसू नये. देवरी ओलांडून छत्तीसगडात शिरलात की पोळी-भाकरी मागे पडून भात पुढे येतो, आणि ओडिशा-बंगालमध्ये फोडणी मोहरीच्या तेलाची असते. ज्यांना तो वास सोसत नाही त्यांनी साधा भात, वरून फोडणी न घातलेली डाळ आणि उकडलेली अंडी मागावीत. सांगितले की देतात. दुपारी २ ते ४ आणि पहाटे २ ते ५ या वेळांत शरीर आपोआप झोप मागते, म्हणून त्याआधीचे जेवण नेहमी अर्धे ठेवावे आणि पोटभर जेवण झोपायच्या आधी घ्यावे. जागे राहण्यासाठी एखाद्या ठिकाणी कोणी गोळी किंवा अफूचा डोडा देऊ करील, त्याला हात लावू नका. जाग येते ती उसनी असते आणि नंतरची झोप चालत्या गाडीतच गाठते. शिवाय १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली तुरुंगाची वाट मोकळी होते, ते वेगळेच.

एक अवांतर गोष्ट सांगतो. गाडीत कांदाच कांदा असला तरी जेवणासाठीचा कांदा घरून न्यावा. गोणीला हात लावायची सवय एकदा लागली की ती जेवणापुरती राहत नाही.

सोलापूरची गृहिणी

भाऊ, माझे पती चेन्नईच्या मार्गावर गाडी चालवतात आणि त्यांची शिदोरी बांधण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून घरून काय न्यावे एवढ्यापुरतेच लिहिते.

आमच्याकडची कडक भाकरी ही अशा प्रवासासाठी सर्वांत भरवशाची आहे. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी थापून, भाजून, पूर्ण वाळेपर्यंत कडक केली की तिच्यात ओलावा राहत नाही आणि कोरड्या डब्यात ती अनेक दिवस चांगली टिकते. ढाब्यावरच्या गरम डाळीत चुरून खाल्ली की पोट भरते आणि मैद्यासारखी जड होत नाही. दशम्या दुधात मळलेल्या असल्यामुळे पहिल्या दोन दिवसांत संपवाव्यात, आणि मेथीचे धपाटे त्याहीआधी. सोबत शेंगांची चटणी आणि जवसाची चटणी द्यावी. दोन्हींत ओला नारळ, कांदा किंवा कोथिंबीर अजिबात घालू नये, आणि लसूण घातलाच तर कोरडा भाजून घालावा. हिरव्या मिरचीचा ठेचा कितीही आवडत असला तरी तो उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतो.

स्टोव्ह नेणार असाल तर शिधा सुटा देऊ नका. मी तांदूळ आणि मुगाची डाळ निवडून, त्यात हळद, मीठ आणि जिरे घालून एका वेळेला पुरतील अशा पुरचुंड्या बांधून देते. पाणी घालून कुकरला लावायची, एवढेच काम उरते. बेसन तेल न घालता खमंग भाजून, त्यात तिखट, मीठ, हिंग आणि जिरेपूड मिसळून ठेवले की उकळत्या पाण्यात हळूहळू सोडून लगेच पिठले तयार होते. मटकी सकाळी भिजत घालून संध्याकाळी ओल्या फडक्यात बांधली, तर उन्हाळ्यात केबिनच्या उष्णतेने दुसऱ्या दिवशी तिला मोड येतात; तेवढीच ताजी भाजी. मात्र जेवणाचा डबा केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर ठेवू नका. डबा गरम राहावा म्हणून बहुतेक जण तिथेच ठेवतात, आणि कोमट अन्न तासन्‌तास तसेच राहिल्याने ते नेमके त्यामुळेच विटते.

मनमाडचा टँकरवाला

मी पानेवाडीच्या आगारातून पेट्रोल-डिझेल भरून नेतो, त्यामुळे आमच्याकडे स्टोव्हचा प्रश्नच उद्भवत नाही. काडेपेटीसुद्धा जवळ बाळगता येत नाही आणि डबा थंडच खावा लागतो. तुम्हाला स्टोव्हची मुभा आहे, तर तापीकाठ काकांच्या सल्ल्याला एक जोड देतो. गॅसची लहान शेगडी आणि सिलिंडर घेतलात, तर तो केबिनमध्ये किंवा झोपायच्या फळीखाली कदापि ठेवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की तो केबिनच्या तळाशी साचतो, आणि रात्री काचा लावून झोपलेल्या माणसाला वास येईपर्यंत उशीर झालेला असू शकतो. सिलिंडर बाहेर, हवा खेळती राहील अशा बंदिस्त जाळीत बांधावा आणि दर वेळी रेग्युलेटर काढून ठेवावा.

पाण्याविषयी सांगायचे तर वापरायच्या पाण्यासाठी चेसिसला नळाची टाकी बसवून घ्या आणि पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. वारंवार थांबावे लागू नये म्हणून पाणीच न पिणारे चालक आमच्यात पुष्कळ आहेत, आणि मुतखड्याने आडवे झालेलेही त्यांतच पुष्कळ आहेत.

गाडीमालक, नाशिक

वरच्या उत्तरांत एक गोष्ट आलेली नाही, आणि ती मालकाच्या बाजूने मीच सांगितलेली बरी. चालकाचे जेवण बिघडते ते बऱ्याचदा खर्चीच्या, म्हणजे वाटखर्चासाठी दिलेल्या पैशांच्या, पद्धतीमुळे. आमच्या धंद्यात पुष्कळ ठिकाणी खेपेची खर्ची ठोक दिली जाते आणि तीतून जे उरेल ते चालकाचे, असा अलिखित करार असतो. पूर्वी टोलचे रोख पैसेही त्याच रकमेत असत, त्यामुळे थोडे इकडेतिकडे करायला वाव राहत असे. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर टोल थेट मालकाच्या खात्यातून जाऊ लागला, आणि चालकाच्या हाती राहिलेल्या रकमेत काटकसर करण्याजोगे फारसे काही उरले नाही; उरले ते स्वतःचे पोट. घरी दोन पैसे जास्त पाठवावेत म्हणून दिवसभर वडापाव आणि चहावर गाडी हाणणारा चालक मला तरी धोक्याचा वाटतो. म्हणून पहिल्या खेपेआधीच मालकाशी बोलून जेवणाचा भत्ता रोजाप्रमाणे आणि खर्चीपासून वेगळा ठरवून घ्या. गाडी खाली व्हायला उशीर झाला तर त्या दिवसांचाही भत्ता मिळेल, हे आधीच स्पष्ट करा, कारण भांडणे नेमकी तिथेच होतात.

कायद्याचे म्हणाल, तर १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा सांगितलेली होती आणि सलग ५ तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यावी लागे; २०२५ मध्ये नवी श्रम संहिता लागू झाल्यावर तो कायदा रद्द झाला. तो कायदा मुळात पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता, आणि एक-दोन गाड्यांचे मालक त्यातून सुटत. लांब पल्ल्याला तर तो पाळला जाताना मी क्वचितच पाहिला आहे. पण तुम्ही दोघे चालक आहात, तेव्हा निदान पाच तासांनी हात बदलण्याचा आणि त्याच वेळी जेवण्याचा नियम तुमच्यापुरता करणे अवघड नाही. पोहोच उशिरा झाली म्हणून व्यापारी फोनवर ओरडेल; त्याला उत्तर देणे मालकाचे काम आहे, तुमचे नाही.

निफाडचा नवखा

सर्वांचे मनापासून आभार. ताई, कडक भाकरीविषयी आईला सांगितले आहे. आमच्याकडे ती करत नाहीत, पण बाजरीची करून पाहते म्हणाली. भत्त्याविषयी मालकाशी उद्याच बोलेन. काका, आणखी एकच शंका आहे. संबळपूरच्या पुढे जंगलाचा आणि घाटाचा रस्ता आहे असे ऐकले आहे. तिथे रात्री जेवणाची सोय होते का?

तापीकाठ

ओडिशातले देवगड, केओंझर आणि पुढे बांगरीपोशीचा घाट हा पट्टा जंगलाचा आहे. ढाबे आहेत, पण विरळ आहेत आणि रात्री उशिरा चूल विझलेली सापडते. पहिल्या खेपेला तरी वेळ अशी साधा की संध्याकाळचे जेवण संबळपूरच्या आसपास उरकेल, रात्र तिथेच एखाद्या मोठ्या ढाब्यावर किंवा पंपावर काढाल आणि पहाटे उजाडताना निघून हा पट्टा दिवसाउजेडी पार कराल. महामार्गावरच्या बऱ्याच पंपांवर चालकांसाठी नळ आणि स्नानाची जागा असते. डिझेल तिथेच भरले तर कोणी हटकत नाही. पुढच्या पट्ट्यासाठी ताईंनी सांगितलेली कडक भाकरी आणि चटणी हाताशी असू द्या, म्हणजे दुपारी खरगपूरच्या अलीकडे कुठे थांबावे लागलेच तर ढाब्याचा शोध घेत बसावे लागणार नाही. आणि ताडपत्रीच्या दोऱ्या जेवायला उतरताना तपासाव्यात. जेवण झाल्यावर अंग जड होते आणि ते काम पुढच्या थांब्यावर ढकलले जाते.