डिसेंबर आला की डोनर आठवतात, हे कसं सुधारायचं? (मदत हवी आहे)

एका छोट्या संस्थेत निधीचं काम बघते. बघते म्हणजे पावत्या, रिपोर्ट, फोन सगळं माझ्याच गळ्यात. वर्षअखेरचं आवाहन दोन आठवड्यांत जायचंय म्हणून काल जुन्या डोनरना फोन लावायला बसले, तर तिसऱ्याच फोनला एक काका हसत म्हणाले, "तुमचा फोन आला म्हणजे डिसेंबर लागला म्हणायचा!" रागावले नव्हते, देतो पण म्हणाले, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एक्सेल उघडून "शेवटचा संपर्क" कॉलम बघितला तर वरपासून खालपर्यंत डिसेंबर, डिसेंबर, डिसेंबर. मधे आमच्याकडून गेली ती फक्त पावती, तीपण सिस्टिममधून आपोआप. आणि एका बाईंच्या नावापुढे शेऱ्यात मीच दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, "मुलीच्या आठवणीत देतात, फोन करणे." केलेला नाही.

आता एवढ्या कमी दिवसांत आधी नातं सांभाळू का सरळ मागू? आत्ता गोड बोलायला गेले तर ढोंग वाटेल का? कमिटीतले म्हणतायत जुन्यांचं सोडा, नवीन डोनर शोधा. ते बरोबर आहे का?

प्रतिसाद १
कमिटीचं अजिबात ऐकू नका. अनोळखी माणसाकडून पहिली देणगी काढायला जो वेळ आणि खर्च लागतो त्याच्या काही अंशात जुना माणूस परत देतो, फक्त त्याला विचारावं लागतं. शीटमध्ये आधी गेल्या वर्षी दिलं पण यंदा नाही असे लोक वेगळे काढा, अमेरिकेतले फंडरेझर ह्यांना लायबंट म्हणतात. फोनची सुरुवात ह्यांच्यापासून, आणि पहिल्या फोनला पैशाचा विषयच नको. गेल्या वर्षीच्या पैशातून काय झालं ती एकच गोष्ट सांगायची, आकड्यांचा मारा नको, आणि आभार मानून ठेवून द्यायचा. आवाहन आठवड्याने जाऊ दे. पावती म्हणजे आभार नव्हेत हो, पावती हिशोबाला असते. फोन कमिटीतल्यांनाही वाटून द्या, नवीन डोनर शोधायचा उत्साह आहे ना, मग पाच-पाच नावं घ्या म्हणावं.

ढोंगाचं म्हणाल तर "वर्षभर फोन केला नाही, चुकलंच" हे सरळ बोलून टाका. लोक समजून घेतात.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत, पण नातं नातं करत मागायचंच राहून जातं हेही पाहिलंय. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनकडे एक पाद्री प्रार्थनास्थळासाठी वर्गणी कशी जमवू विचारायला आला, तेव्हा त्याने सांगितलेलं की जे नक्की देतील त्यांच्याकडे आधी जा, मग ज्यांची खात्री नाही त्यांना दिलेल्यांची यादी दाखव, आणि जे देणारच नाहीत वाटतं त्यांनाही सोडू नको, त्यातल्या काहींबद्दल तुझा अंदाज चुकलेला असेल. क्रम आजही हाच. आणि पत्रात "यथाशक्ती मदत करावी" नको, गेल्या वर्षी त्यांनी किती दिलं ते बघून नेमकी रक्कम लिहा आणि त्यात काय होईल ते लिहा.

लहान रकमेवाल्यांना विसरू नका. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा चौथरा पैशांअभावी अडला होता तेव्हा 1885 मध्ये जोसेफ पुलित्झरने आपल्या पेपरात देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापायचं ठरवलं, रक्कम कितीही असो. एक लाखाहून जास्त लोकांनी मिळून एक लाख डॉलरच्या वर जमवले, बहुतेकांचा तर एक डॉलरसुद्धा नव्हता. नाव घेतलं जाणं ही साधी गोष्ट नाही.

धागाकर्ती
दोघांचे आभार. काल सगळ्यात आधी शेऱ्यातल्या त्या बाईंना फोन केला. चुकलंच म्हणाले. वीस मिनिटं मुलीबद्दलच बोलत होत्या, मी नुसतं ऐकलं, पैशाबद्दल चकार शब्द काढला नाही. ठेवताना त्याच म्हणाल्या, यंदाचं पाठवायचं राहिलंय हं. आता गुरुवारी आवाहनाचा मेलमर्ज (एकच मजकूर, फक्त नाव बदलून सगळ्यांना) जाणार आहे त्यात त्यांचं नाव ठेवू का काढू?

प्रतिसाद १
काढा. त्यांना हाताने लिहा, आणि पत्रात मुलीचं नाव येऊ दे.