'झपाटलेला' इतकी वर्षं का टिकला? आणि तसा बाहुला साध्या साधनांत जमेल का?

प्रश्न: विंगेतला

१९९३ चा 'झपाटलेला' टीव्हीवर लागला की त्या वेळी जन्मही न झालेली पोरं आज खिळून बघतात आणि 'ओम फट् स्वाहा' म्हणत घरभर फिरतात. मूळ कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन भयपटाची, हे जगजाहीर आहे. मरता मरता गुंड मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच. तरी महेश कोठाऱ्यांचा सिनेमा उसना वाटत नाही आणि भयविनोदी सिनेमांची यादी निघाली की मराठीत पहिलं नाव त्याचंच येतं.

आमच्या गटाला वीसेक मिनिटांचा लघुपट करायचाय. त्यात एक बोलका बाहुला आहे, संगणकावरचे इफेक्ट अजिबात नाहीत. दोन गोष्टी जाणकारांकडून हव्यात. एकाच दृश्यात माणूस घाबरतो आणि हसतोही, हे लिहिताना कसं बसवतात? आणि बाहुला कॅमेऱ्यासमोर 'जिवंत' वाटायला नेमकं काय सांभाळावं लागतं?

उत्तर: पटकथेचा_कीस

माझ्या मते सगळी किल्ली एका बदलात आहे. 'चाइल्ड्स प्ले'मध्ये बाहुला सहा वर्षांच्या मुलाच्या हाती पडतो. मोठी माणसं लहान पोराच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत, त्यातून भीती तयार होते. 'झपाटलेला'त बाहुला येतो लक्ष्याकडे (लक्ष्मीकांत बेर्डे), आणि लक्ष्याला नाद बोलक्या बाहुल्यांचा. ज्याची हौसच बाहुल्याच्या तोंडून बोलायची, तो ओरडून सांगतोय की "हा खरंच बोलतो हो!" कोण ऐकणार? जितकं कळवळून सांगेल तितकं लोकांना वाटणार की ही याचीच कला. इथे भीती आणि हसू वेगवेगळं लिहावंच लागत नाही, दोन्ही एकाच परिस्थितीतून निघतात. तुमच्या लघुपटातही पात्राचा धंदा किंवा स्वभाव असा निवडा की खरं सांगणं हीच त्याची अडचण होऊन बसेल.

दुसरं, मंत्रतंत्राचे नियम. या सिनेमात ते मोजून तीन आहेत. मृत्युंजय मंत्राने आत्मा दुसऱ्या देहात जातो. परत माणूस व्हायचं तर ज्याला पहिल्यांदा आपली खरी ओळख सांगितली, त्याच्याच शरीरात शिरावं लागतं. आणि बाहुल्याला मारायचं तर दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागली पाहिजे. तिन्ही नियम एकेका वाक्यात सांगता येतात आणि प्रत्येक नियमाने एकेका पात्राला काम लागतं: दुसऱ्यामुळे बाहुल्यात शिरलेला गुंड तात्या विंचू लक्ष्याचा पिच्छा सोडत नाही, तिसऱ्यामुळे इन्स्पेक्टर महेश जाधवचा नेम महत्त्वाचा ठरतो. अनेक भुताचे सिनेमे शेवटी एखादा ताईत नाहीतर त्रिशूळ काढतात, ज्याचा आधी पत्ताच नसतो. प्रेक्षक तिथेच सुटतो.

भुवयांमधल्या जागेबद्दल थोडं जास्त सांगतो. मूळ सिनेमात नेम हृदयावर आहे. हृदय कपड्यांखाली झाकलेलं, कॅमेऱ्याला दिसत नाही. भ्रूमध्य मात्र बाहुल्याच्या प्रत्येक क्लोजअपमध्ये प्रेक्षकासमोर असतं, म्हणजे त्याचा मृत्यू पूर्ण वेळ पडद्यावर दिसत राहतो. शिवाय ध्यान, गंध, आज्ञाचक्र यामुळे त्या जागेचं महत्त्व आपल्याकडे समजावून द्यावं लागत नाही.

आणि एक पथ्य: तात्या विंचू कधीही विनोद करत नाही. त्याला आपण हास्यास्पद दिसतो हे माहीतच नाही. तो अट्टल गुन्हेगार आहे, चिडलेला आहे, आणि तीन फुटांच्या देहात अडकल्याचा त्याला मनस्वी संताप आहे. विनोद येतो तो त्या संतापाचा आणि त्या उंचीचा मेळ बसत नाही म्हणून. तुमचा बाहुला प्रेक्षकांकडे बघून डोळा मारायला लागला की भीती मेली, आणि पाठोपाठ विनोदही.

उत्तर: बोलकी_बाहुली

बाहुल्याबद्दल. 'झपाटलेला'चा बाहुला रामदास पाध्यांचा. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांच्यापासून घराण्यात शब्दभ्रमाची, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याच्या तोंडून बोलण्याची कला आहे, अर्धवटराव हा बाहुला त्यांचाच. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससासुद्धा पाध्यांचा. म्हणजे १९९३ मध्ये सिनेमाला आलेल्या माणसाला बोलका बाहुला आधीपासून ओळखीचा होता, लाडका होता. त्या लाडक्या प्रकारालाच खुनी करून टाकलं, हा धक्का परक्या सिनेमातून आलेला नाही.

आता बांधणी. छत्तीस इंची बाहुला धरून सांगतो.

डोकं कागदाच्या लगद्याचं करा, पोकळ. वजन पाऊण किलोच्या आत ठेवा. त्यापेक्षा जड झालं की पाच मिनिटांत मनगट थरथरतं आणि ती थरथर क्लोजअपमध्ये लगेच दिसते. मानेतून एक दांडा खाली पोकळ छातीत येतो. हात पाठीतून आत घालून तो दांडा धरायचा, डोकं फिरवायचं ते दांड्यानेच. धडाला घट्ट बसवलेली मान नको, मान खोलगट वाटीत सुटी फिरली पाहिजे.

जबडा वेगळा तुकडा. तो सायकलच्या चाकाच्या तारेवर आडवा अडकवा. जबड्याच्या मागच्या टोकाला दोरी, दोरी दांड्यावरच्या अंगठ्याच्या खटक्याला. इथे हमखास चूक होते ती नायलॉनच्या दोरीची: ती ताणते, दोन तासांनी तोंड अर्धंच उघडायला लागतं. विणलेली दोरी वापरा. जबडा मिटायला स्प्रिंग किंवा रबर. ते सैल असेल तर लांब वाक्यात तोंड 'आ' करून राहतं, फार कडक असेल तर अंगठा शब्दांच्या मागे पडतो. जबडा मिटतो तिथे आतून चामड्याची पट्टी चिकटवा, नाहीतर प्रत्येक अक्षराला टक् टक् आवाज येतो आणि तो चित्रीकरणाच्या ध्वनीत घुसतो.

ओठापाशी तोंड साधारण १२ ते १५ मिलिमीटर उघडलं की पुरे. जबड्याच्या दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटरची फट सोडा. कमी सोडली तर रंगाचे दोन हात चढल्यावर घासतं, जास्त सोडली तर हनुवटीला दोन भेगा दिसतात.

डोळे सर्वात महत्त्वाचे. बुबुळं किंचित नाकाकडे वळलेली ठेवा. अगदी सरळ लावली तर नजर माणसाच्या पलीकडे जाते आणि बाहुला शून्यात बघतोय असं वाटतं. पैसे आणि वेळ एकाच हालचालीपुरते असतील तर पापण्यांऐवजी डोळे डावी-उजवीकडे फिरण्याची सोय करा. मान न हलवता नुसते डोळे वळले, तर तेवढ्यावर प्रेक्षक दचकतो. पापणी लवण्याने तसं होत नाही.

उत्तर: चौतीस_रिळं

बाहुल्याचं कौतुक रास्तच, पण अर्धं काम लक्ष्मीकांत बेर्ड्यांचं आहे हे विसरू नका. बाहुल्याचा चेहरा बदलत नाही. आपल्याला तो 'रागावलेला' किंवा 'कावेबाज' वाटतो, कारण समोर बेर्डे तसे बघतायत. त्यांची भीती आधी गुडघ्यात उतरते, मग हातांत, आणि आवाज सगळ्यात शेवटी फुटतो. तो मधला क्षणभराचा उशीर हाच हशाचा जागेवर पडलेला ठोका. त्यातून 'धूमधडाका', 'दे दणादण', 'थरथराट' करून महेश आणि लक्ष्या ही जोडी लोकांच्या घरातली झालेली होती. लक्ष्या संकटात म्हटल्यावर ओळख करून द्यायला वेळ घालवावा लागला नाही. तुमच्याकडे ती सोय नाही, म्हणून पहिली तीन मिनिटं बाहुल्याला न देता माणसाला द्या.

संकलनाचा साधा हिशोब: बाहुला हलत असेल तेव्हा शॉट दीड-दोन सेकंदांत कापा. स्थिर असेल तेव्हा हवा तितका लांब ठेवा, लोक स्वतःहून हालचाल शोधत बसतात. बाहुल्याचं वाक्य सुरू झालं की लगेच माणसावर जा, शेवटच्या दोन शब्दांना परत बाहुल्यावर या. तोंडाची हालचाल कमी दाखवावी लागते आणि प्रतिक्रिया जास्त मिळते.

विंगेतला (प्रश्नकर्ता)

फारच उपयोगी. आता दोन अडचणी. आवाज चित्रीकरणातच घ्यायचा की नंतर डब करायचा? आमच्यातल्या एकाला थोडाफार शब्दभ्रम जमतो, पण प, ब, म आले की त्याचे ओठ हलतात. आणि बाहुला चालताना कसा दाखवायचा?

उत्तर: बोलकी_बाहुली

ओठांची अक्षरं सगळ्यांनाच छळतात: प, फ, ब, भ, म. युक्ती अशी की 'प'च्या जागी जिभेचं टोक वरच्या दातांमागे दाबून 'त'च्या जवळचा आवाज काढायचा, 'ब'ला तसाच 'द', 'म'ला 'न'. मनात मात्र मूळ अक्षरच म्हणायचं, आणि ते अक्षर घाईत उरकायचं. वाक्यातले बाकीचे शब्द स्पष्ट असले की ऐकणाऱ्याचा कान दुरुस्ती करून घेतो. पण शब्द सुटा आला, की फसगत होते: नुसतं 'बाबा' म्हटलं की 'दादा' ऐकू येतं.

तुमच्या कामाला मात्र हे रंगमंचाचं कसब लागणारच नाही. सिनेमात तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा आहे. जिवंतपणीचा तात्याही त्यांनीच केलाय, त्यामुळे देह बदलला तरी माणूस तोच राहतो. 'चिमणराव गुंड्याभाऊ'मधला तो भिडस्त चिमणराव आठवा आणि मग हा खरखरीत, दात-ओठ खाणारा आवाज ऐका, म्हणजे केवढा पल्ला आहे ते कळेल. तुम्हीही आवाज वेगळ्या नटाचा घ्या आणि तो आधी ध्वनिमुद्रित करा. चित्रीकरणाच्या वेळी स्पीकरवर लावायचा आणि बाहुला चालवणाऱ्याने त्यावर जबडा हलवायचा. उलट केलं, म्हणजे आधी जबडा आणि मग डबिंग, तर आवाजाचा नट जबड्याच्या मागे धावत बसतो आणि वाक्य मरतं.

जबडा प्रत्येक अक्षराला उघडायचा नाही. स्वरावर उघडायचा, 'आ' आणि 'ओ'ला पूर्ण, 'इ' आणि 'उ'ला निम्मा. प, ब, म ला मिटलेला हवाच, कारण प्रेक्षक नकळत तेवढंच तपासतो. 'ओम फट् स्वाहा' घेऊन बघा: 'ओ'ला उघडं, 'म'ला बंद, 'फ'नंतर झटक्यात उघडून 'ट्'ला बंद, मग 'स्वा' आणि 'हा'ला दोनदा मोठं. आरशासमोर हीच ओळ तासभर घोटली तरी अंगठा तयार होतो.

उत्तर: ट्रॉली_आणि_ट्रायपॉड

चालण्याचं सांगतो. सपाट जमिनीवर पूर्ण बाहुला चालताना एकाच शॉटमध्ये दाखवायचा हट्ट सोडा. 'चाइल्ड्स प्ले'वाल्यांकडे यांत्रिक बाहुले होते, तरी काही पूर्णाकृती शॉटना त्यांनी ठेंगण्या अंगाचा नट घेतला. तुम्ही तुकड्यांत विभागा. बुटांचा क्लोजअप: बूट दोन काठ्यांना बांधून वरून चालवा. कमरेच्या वरचा शॉट: चालवणारा खाली बसून सरकतो आणि बाहुला पावलागणिक दोन बोटं वर-खाली होतो. पाठमोरा लांबचा शॉट: लहान मूल त्याच कपड्यांत, अंधुक प्रकाशात, दोन सेकंदांच्या आत. तिन्ही जोडले की बाहुला चालतो.

पलंग, टेबल, सोफा यांच्यावर बाहुला बसवायचा असेल तर सामान अडीच-तीन फूट उंच चौथऱ्यावर ठेवा आणि गादीला भोक पाडा, चालवणारा खाली. चौथरा केला की नटांनाही तेवढीच उंची द्यावी लागते, हे चित्रीकरणाच्या दिवशी लक्षात येतं आणि मग धावपळ होते. आधीच मापं घ्या.

कॅमेरा बाहुल्याच्या नजरेच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून अडीच फुटांवर. माणसाच्या उंचीवरून खाली बघितलं की तो खेळणं वाटतो. दोन्ही वापरा: लोक त्याच्याकडे बघतात तेव्हा वरून, तो लक्ष्य हेरतो तेव्हा खालून. एकाच दृश्यात खेळणं आणि खुनी असा पलटा तिथेच मिळतो, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं कॅमेऱ्यापुरतं उत्तर हेच.

रंगवलेलं डोकं चमकतं. चेहऱ्यावर पावडरचा हात फिरवा, पण डोळ्यांना पारदर्शक वॉर्निश लावा आणि कॅमेऱ्याच्या शेजारी एक छोटा दिवा ठेवा. बुबुळात तो ठिपका दिसला नाही तर बाहुला मेलेला दिसतो, कितीही चांगला चालवा.

पावलांचा आवाज नंतर लाकडी फळीवर लहान मुलाच्या बुटांनी घ्या, बूट हातात धरून. आणि तो आवाज बाहुला पडद्यावर हलताना दिसण्याच्या निदान दोन दृश्यं आधी, शेजारच्या खोलीतून येऊ द्या.