प्रतिसाद: हाताने घडवलेला स्नेअर ड्रम घेताना

वर विचारलंय की स्नेअरचा (खालच्या बाजूला तारा ताणलेल्या ड्रमचा) एकाच सलग फळीला वाफेवर वाकवून केलेला शेल, म्हणजे ड्रमचं गोल अंग, प्लायच्या (पातळ थर चिकटवून केलेल्या) शेलपेक्षा खरंच इतका वेगळा वाजतो का. वाजतो, पण आपण लाकडाला देतो त्यातलं निम्मं श्रेय शेलच्या काठाचं आणि हेडचं (वर-खाली ताणलेल्या पडद्यांचं) असतं (विकणारा हे सांगणार नाही).

त्यामुळे लाकडाची जात विचारण्याआधी दोन्ही हेड काढून दाखवा म्हणावं. शेल जाड, सपाट काचेवर ठेवायचा, आत टॉर्च लावायचा आणि खोलीतला दिवा घालवायचा. वरच्या काठाखालून उजेडाची रेघ दिसली तर काम कच्चं. खालच्या काठाला मात्र समोरासमोर दोन जागी उजेड दिसायलाच हवा, कारण तारा नीट बसाव्यात म्हणून तिथे काठ मुद्दाम किंचित उतरवलेला असतो. बोट फिरवून बघा, उतार हळूच खाली जाऊन वर यायला हवा. खाच लागली तर सोडून द्या.

जोरात वाजवल्यावर सगळेच स्नेअर छान वाटतात. कडेला अगदी हलक्या हाताने वाजवा. तिथेही तारा बोलल्या तर पैसे वसूल.

सलग लाकूड दमट-कोरड्या हवेत प्लायपेक्षा जास्त हलतं. सतत फिरतीवर असाल तर धातूचा बरा. लुडविग कंपनीचा ॲल्युमिनियमचा सुप्राफोनिक स्नेअर कारखान्यातलाच, तरी १९६० च्या दशकापासून स्टुडिओत टिकून आहे. तरीही लाकडीच हवा असेल, तर पुढे काठ पुन्हा घासून मिळेल का, हे कारागिराला आधीच विचारून घ्या.