नोटीस पूर्ण भरायची की पैसे भरून निघायचं?

गोदाकाठी
मत आधी सांगतो, शिव्या नंतर घाला. नाशकात नोकरी सोडणाऱ्याने नोटीस, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करायचे ठरलेले दिवस, पूर्ण भरून गोडीने निघावं. त्यासाठी नव्या कंपनीकडे तारीख वाढवून मागावी लागली तरी चालेल.

निमित्त भाच्याचं आहे. अंबडला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तो क्वालिटीला आहे. पुण्याजवळच्या चाकणहून ऑफर आलीय, त्यांना माणूस महिन्याभरात हवा. इकडे नेमणूकपत्रात नोटीस 90 दिवसांची. पोरगा म्हणतो, ‘मामा, मेल टाकतो आणि जातो. करतील काय?’

फारसं काही करणार नाहीत, मलाही माहीत आहे. पण सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर, इथले सगळे कारखाने मिळून जग केवढं? प्लेटिंगवाला तोच, हीट ट्रीटमेंटवाला तोच, कॅलिब्रेशनला येणारा माणूसही तोच. आज ज्याला तोंड न दाखवता निघालात, तो उद्या तुमच्या गिऱ्हाइकाकडे सप्लायर क्वालिटीला, म्हणजे आलेला माल तपासायला, बसलेला असतो आणि तुमचं रिजेक्शन त्याच्या सहीने येतं. बॅकग्राउंड चेकवाल्या एजन्सीचं सोडा. खरी चौकशी फोनवर होते, आणि तुम्ही ज्याचं नाव दिलंत त्याला तो फोन जातच नाही.

साहेबांना आधी समोर बसून सांगावं, मग मेल. सहकाऱ्यांच्या ग्रुपवर सगळ्यात शेवटी.

शिफ्ट_बी
काका, साफ असहमत. 90 दिवस कोणाच्या सोयीसाठी? कंपनीला माणूस नको झाला की संध्याकाळी एचआरच्या केबिनमध्ये बोलावून सही घेतात आणि सकाळी गेटवर कार्ड चालत नाही. तेव्हा गोडी कुठे जाते? कंत्राटी पोरांच्या वाट्याला तर ती केबिनही येत नाही.

आणि 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टनुसार तुमच्याकडून जबरदस्तीने नोकरी करून घ्यायचा आदेश कोर्ट देत नाही. म्हणजे उरला पैशांचा हिशोब. राहिलेल्या दिवसांचा पगार कापा आणि रामराम. बऱ्याचदा ते पैसे नवी कंपनीच भरते.

पगारपत्रक
मी एचआरमध्येच आहे, त्यामुळे दोन्हीकडून खाणार. ‘पगार कापा’ इतकं सरळ नसतं हो. पत्र वाचा. कपात मूळ पगारावर आहे की एकूण पगारावर? पैसे भरून सुटायचा हक्क तुम्हाला दिलाय की ते ‘कंपनीच्या मर्जीवर’ आहे? मर्जीवर असेल तर पैसे भरूनही रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) अडकतं, आणि नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी तेच मागतात.

विजया बँकेच्या खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा मे 2025 चा निकालही बघा. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर 2 लाख रुपये भरायची अट होती, ती कोर्टाने वैध धरली. बँक सरकारी, भरतीचा खटाटोप मोठा, हे त्यात लक्षात घेतलं होतं. त्यामुळे कुठल्याही खासगी कंपनीचा कसलाही बाँड चालेल असं नाही, पण ‘काही होत नाही’ हे डोक्यातून काढा.

कंपन्याही काही कमी नाहीत. नोटीसच्या वसुलीवर 18 टक्के जीएसटी लावलेले हिशोब मी पाहिलेत. तो लागत नाही, हे 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकाने स्पष्ट केलंय. वेतन संहितेत तर राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता करायला सांगितलंय. आमच्याकडे अजून ‘फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) 45 दिवसांनी’ हीच टेप वाजते.

व्हीएमसीवाला
मालकाचंही ऐका कोणीतरी. माझं छोटं वर्कशॉप आहे, तिकडे अंबडलाच. मोठ्या कंपनीतला एक गेला तर बेंचवर दुसरा असतो. माझ्याकडे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला प्रोग्रॅम टाकणारा एकच. तो दिवाळीचा बोनस घेऊन गेला तो गेलाच, फोनही बंद. ऑफसेट (मशीनला द्यायची मापं) कुठले, जॉब पकडायचं फिक्स्चर कसं लावायचं, सगळं त्याच्या डोक्यात. जॉब उभा, गिऱ्हाईक रोज फोनवर. मला 90 दिवस नकोत. पंधरा दिवस मशीनजवळ उभं राहून दुसऱ्याला शिकवा, मी स्वतः पेढे घेऊन येतो.

शिफ्ट_बी
शेठ, सगळं एकाच्या डोक्यात राहू दिलं कोणी? दुसरा माणूस ठेवायचा पगार वाचवला, त्याची किंमत ती. नाराज होऊ नका.

व्हीएमसीवाला
नाराज नाही. पण मशीनच्या हप्त्यात दुसरा माणूस बसवून दाखवा, त्या दिवशी तुम्हाला पार्टनर करतो.

सिन्नरची_लेक
गोडीने निघावं हे मलाही पटतं. पण राजीनामा दिल्यावर समोरून काय येतं, ते कोणी लिहीतच नाहीये. मी समोर बसून सांगितलं होतं. त्याच आठवड्यात मला दुसऱ्या लाइनवर टाकलं, मंजूर रजा रद्द केली, ऑडिटच्या फाइली माझ्याच टेबलावर. हँडओव्हर घ्यायला माणूस मात्र शेवटपर्यंत दिला नाही. नंतर म्हणाले, हँडओव्हर अपूर्ण!

तेव्हा गोदाकाठी काका, भाच्याला सांगा: राजीनाम्याची पोच घे, शिल्लक रजेचा फोटो काढून ठेव, काय कोणाला दिलं ते रोज मेलवर लिही. पीएफमध्ये सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपल्याला ऑनलाइन टाकता येते. एवढ्यासाठी कोणाच्या पाया पडू नको म्हणावं.

पगारपत्रक
ताईंशी सहमत. आणि काका, मूळ प्रश्न राहिलाच. भाच्याची नोकरी किती झाली?

गोदाकाठी
पुढच्या महिन्याच्या शेवटी पाच वर्षं भरतात.

पगारपत्रक
मग चर्चा संपली की! ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम. तिला सलग पाच वर्षं लागतात; आधी 1972 च्या कायद्यात होतं, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. नोकरीचा शेवट राजीनाम्याच्या तारखेला धरत नाहीत, शेवटच्या कामाच्या दिवसाला धरतात. नोटीस भरली तर पाच वर्षं आपोआप होतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 30,000 धरा. भागिले 26, गुणिले 15, गुणिले पाच: साधारण 86,500 रुपये. महिन्याभरात गेला तर त्यावर पाणी. चार वर्षं 240 दिवसांवर मिळते असं सांगणारे भेटतील, मद्रास उच्च न्यायालयाचा तसा निकालही आहे. पण इथे त्यासाठी भांडत बसावं लागेल.

शिफ्ट_बी
म्हणजे शेवटी पैशासाठीच थांबायचं ना? मग मी दुसरं काय म्हणत होतो!

गोदाकाठी
तू जा म्हणत होतास, बाबा. पोरगा चाकणवाल्यांकडे तारीख वाढवून मागतोय. पूर्ण 90 नाही जमले, तर पाच वर्षं भरल्यावर उरलेल्या दिवसांचे पैसे देऊन सुटायचं बघू. सोमवारी साहेबांना भेटेल.

शिफ्ट_बी
भेटू दे, पण मेल त्याच दिवशी टाकायला लावा. साहेब ‘बघू, आठवडाभर थांब’ म्हणतील आणि नोटीस त्या आठवड्यानंतर सुरू धरतील.